कॅन्सर ‘होताना’ दाखवणारा उंदीर

रक्ताचा कॅन्सर कळतो तेव्हा तो होऊन गेलेला असतो. तो होत असताना शरीरात काय चाललं होतं, हे पेशंटमध्ये कधीच बघायला मिळत नाही. ते बघता यावं म्हणून शास्त्रज्ञांनी माणसाचा एक बिघडलेला जीन उंदरात घातला आणि वाट बघितली. त्या उंदरांनी काय दाखवलं, त्याची ही गोष्ट.

पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे घराघरात एकेक पॅथॉलॉजिस्ट तयार होतो. कुणाला तरी ताप येतो, डॉक्टर सीबीसी लिहून देतात, संध्याकाळी रिपोर्टची पीडीएफ फॅमिली ग्रुपवर पडते आणि काकांपासून आत्यापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, प्लेटलेट्स किती? डेंग्यूने आपल्याला एवढं तरी शिकवलंय. पण त्याच रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींच्याही ओळी असतात. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट वगैरे. त्या आपण सहसा वाचत नाही.

आजचा विषय त्या ओळींचा आहे. त्यातल्या काही पेशींनी मोठं व्हायचंच नाकारलं तर काय होतं, आणि हे कोडं सोडवायला वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा एक प्राणी कसा कामाला आला, याचा.

अडकलेली बॅच

आपलं रक्त हाडांच्या आत, बोन मॅरोमध्ये तयार होतं. हा कारखाना केवढा मोठा? नुसत्या लाल पेशीच दर सेकंदाला साधारण वीस लाख तयार होतात. पांढऱ्या पेशी मात्र एकदम तयार होऊन बाहेर पडत नाहीत. त्यांचे टप्पे असतात. बालवाडी, शाळा, ज्युनिअर कॉलेज, मग डिग्री. शेवटचा टप्पा पार केलेली पेशी रक्तात येते, जंतूंशी लढते आणि थोड्याच दिवसांत मरून जाते. हे मरणंही तितकंच गरजेचं असतं, कारण मागून नवीन येतच असतात.

आता कल्पना करा, एखाद्या कॉलेजात सेकंड इयरची अख्खी बॅच अडकली. एटीकेटीवरही कुणी पुढे जात नाही, कुणी कॉलेज सोडत नाही आणि नव्या ॲडमिशन मात्र सुरूच आहेत. काही दिवसांत वर्गात पाय ठेवायला जागा उरणार नाही. मग हीच मुलं बाकीच्या शाखांचे वर्गही बळकावतील. ॲक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात एपीएल, हा रक्ताचा कॅन्सर साधारण असाच असतो. ‘प्रोमायलोसाइट’ नावाच्या अर्धवट टप्प्यावर पेशी अडकतात आणि वाढत राहतात. लाल पेशींना आणि प्लेटलेट्सना जागाच राहत नाही. त्यात भर म्हणजे या पेशींमधल्या द्रव्यांमुळे रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडते. हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग पडतात आणि सगळ्यात वाईट म्हणजे मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

नॉर्वेचे डॉक्टर लाइफ हिलस्टाड यांनी १९५७ मध्ये या आजाराचे तीन पेशंट नोंदवले. काही आठवड्यांतच सगळं संपत होतं. तीव्र ल्युकेमियाच्या प्रकारांत हा सर्वांत घातक दिसतो, असं त्यांचं मत झालं होतं.

आज हाच एपीएल सर्वांत जास्त बऱ्या होणाऱ्या ल्युकेमियांमध्ये गणला जातो. हा बदल एका दिवसात झाला नाही आणि एका माणसाने केला नाही. त्यात शिकागो आहे, शांघाय आहे, हार्बिन आहे, पॅरिस आहे. आणि मध्ये कुठेतरी उंदरांचे पिंजरे आहेत.

औषध आधी, कारण नंतर

पहिला धागा शिकागोत सापडला. १९७७ मध्ये जॅनेट राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एपीएलच्या पेशींमध्ये १५ आणि १७ क्रमांकाच्या क्रोमोसोमचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले असतात. दोन वह्यांची पानं फाटून चुकीच्या वहीत चिकटावीत, तसं. पण त्या चुकीच्या पानावर नेमकं काय लिहिलंय, हे तेव्हा वाचता येत नव्हतं.

दुसरा धागा शांघायमधला. तिथले डॉक्टर वांग झेन्यी यांना वाटत होतं की कॅन्सरची पेशी मारण्याऐवजी तिला मोठं करता आलं तर? अडकलेल्या मुलाला कॉलेजातून काढायचं नाही, त्याला पासच करायचं. त्यांनी व्हिटॅमिन ए पासून मिळणारं एक द्रव्य वापरलं. ऑल-ट्रान्स रेटिनॉइक ॲसिड, म्हणजे आट्रा. १९८० च्या दशकाच्या मध्यावर एका पाच वर्षांच्या मुलीला त्यांनी हे औषध दिलं आणि ती सुधारली. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ पेशंटचा अहवाल छापला. त्यातले जवळपास सगळे नुसत्या आट्रावर बरे दिसू लागले होते, एकाला जोडीला थोडी केमोथेरपी लागली.

मग १९९० च्या सुमारास ते चिकटलेलं पान वाचलं गेलं. १५ नंबरवरचा ‘पीएमएल’ आणि १७ नंबरवरचा ‘रारा’ असे दोन जनुक, म्हणजे जीन, जोडले जाऊन एक नवाच जीन तयार झाला होता, पीएमएल-रारा. नाव एखाद्या कार्टूनमधल्या पात्रासारखं वाटतं, पण गंमत पुढे आहे. रारा हा मुळात रेटिनॉइक ॲसिडचाच संदेश घेणारा जीन. ‘आता मोठी हो’ हा निरोप पेशीपर्यंत पोचवणारा. जोडलेल्या अवस्थेत तो हा निरोपच अडवून बसतो. म्हणजे वांग यांनी जे औषध आधी दिलं, ते नेमकं याच कुलपाची किल्ली निघालं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण नुसत्या आट्रावर बरे झालेल्या बहुतेकांचा आजार काही महिन्यांत परत यायचा. म्हणून जोडीला केमोथेरपी द्यावी लागे, तिच्या सगळ्या त्रासासकट.

तिसरा धागा उत्तर चीनमधल्या हार्बिनचा. तिथे झांग टिंगडाँग आणि सहकारी १९७० च्या दशकापासून ल्युकेमियावर आर्सेनिक वापरून बघत होते. आर्सेनिक ट्रायऑक्साइड म्हणजे आपल्या जुन्या मराठीतलं सोमल. जुन्या गोष्टींमध्ये दुधात कालवून कुणाला तरी पाजायचं ते विष. ठरावीक डोसमध्ये, शिरेतून दिलं तर एपीएलवर ते चांगलंच काम करत होतं.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर डॉक्टरांच्या हातात असं सगळं होतं. एक संशयित जीन, दोन औषधं आणि उत्तर नसलेले दोन प्रश्न. हा जीन खरंच एकटा कॅन्सर करतो का? आणि दोन्ही औषधं एकत्र दिली तर काय होईल?

उंदरात माणसाचा जीन घालतात म्हणजे काय?

पहिला प्रश्न पेशंटला विचारून सुटत नाही. पेशंट हॉस्पिटलमध्ये येतो तेव्हा त्याच्या बोन मॅरोमध्ये अब्जावधी बिघडलेल्या पेशी असतात. पहिली पेशी कधी बिघडली, मग काय झालं, याचं कुठलंच सीसीटीव्ही फुटेज नसतं. प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये वाढवलेल्या पेशी उपयोगी असतात, पण त्या मुळात कॅन्सर झाल्यानंतरच घेतलेल्या असतात. सुरुवात बघायची तर निरोगी शरीरापासूनच सुरू करावं लागतं.

म्हणून ट्रान्सजेनिक उंदीर. ही पद्धत १९८० पासून वापरात आली. उंदराचं नुकतंच फलित झालेलं एकपेशीय अंडं मायक्रोस्कोपखाली धरायचं. काचेच्या अतिशय बारीक सुईने त्यात हवा तो डीएनए सोडायचा. अशी अंडी मादीच्या गर्भात ठेवायची. साधारण तीन आठवड्यांत पिल्लं होतात. प्रत्येक पिल्लाच्या शेपटीचा किंवा कानाचा इवलासा तुकडा घेऊन पीसीआर करायचा आणि कुणामध्ये तो जीन बसलाय हे बघायचं. कोविडमुळे पीसीआर आपल्याला नव्याने सांगावा लागत नाही.

पण जीन नुसता घालून भागत नाही. तो कुठल्या पेशीत चालू व्हायचा, हेही ठरवावं लागतं. मेंदूत किंवा त्वचेत पीएमएल-रारा चालू होऊन उपयोग काय? त्यासाठी जीनच्या पुढे एक ‘स्विच’ जोडतात, जो ठरावीक पेशींमध्येच ऑन होतो. हे स्विच निवडणं फार नाजूक काम निघालं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयत्नात उंदरांमध्ये रक्त तयार होण्याची प्रक्रिया बिघडली, पण ल्युकेमिया काही झाला नाही.

१९९७ मध्ये मात्र अमेरिकेतल्या तीन गटांना यश आलं. सॅन फ्रान्सिस्कोत नोबेल विजेते मायकेल बिशप यांच्या प्रयोगशाळेत, सेंट लुइसमध्ये टिमथी ले यांच्याकडे आणि न्यूयॉर्कमध्ये पिएर पाओलो पान्डोल्फी यांच्याकडे. तिन्ही ठिकाणी स्विच असा निवडला होता की जीन पांढऱ्या पेशींच्या सुरुवातीच्या टप्प्यांवर चालू होईल. आणि उंदरांना माणसासारखाच एपीएल झाला.

वाट बघण्यातच उत्तर होतं

इथे एक गोष्ट घडली जी कुणीही प्रयोग फसला असं म्हणून सोडून दिली असती. बिघडलेला जीन जन्मापासून होता, तरी आजार लगेच आला नाही. सहा महिने गेले, कुठे वर्ष गेलं. दोन-अडीच वर्षं जगणाऱ्या प्राण्याच्या हिशेबात हा फार मोठा काळ. आणि आजार सगळ्यांना झालाही नाही. कुठे दहातल्या एकाला, कुठे तीनपैकी एकाला.

बाकीच्यांमध्येही तोच जीन होता. मग ते वाचले कसे?

उत्तर असं की एक बिघाड पुरेसा नसतो. पीएमएल-रारा पेशीला उंबरठ्यापर्यंत नेतो. आत ढकलायला आणखी एक-दोन बिघाड लागतात आणि ते योगायोगाने, कधीतरी, एखाद्याच पेशीत होतात. २००२ मध्ये बोस्टनमधल्या एका गटाने पीएमएल-रारा असलेल्या उंदरांच्या पेशींत ‘एफएलटी३’ नावाच्या दुसऱ्या जीनचा बिघाडही आणला. आजार कितीतरी लवकर आला. एपीएलच्या साधारण एकतृतीयांश पेशंटमध्येही हाच दुसरा बिघाड सापडतो.

सेंट लुइसच्या गटाने २००३ मध्ये आणखी एक धक्का दिला. त्यांनी हाच जीन उंदराच्या स्वतःच्या एका जीनच्या जागी बसवला. तिथे तो फारच कमी प्रमाणात चालू राहत होता. वाटलं असतं, जीन कमी चालतोय तर आजारही कमी. झालं उलटंच. ९० टक्क्यांहून जास्त उंदरांना ल्युकेमिया झाला. म्हणजे कॅन्सर करायला बिघडलेल्या जीनने मोठ्याने ओरडायची गरज नसते. योग्य पेशीत, योग्य वेळी हळूच कुजबुजलं तरी पुरतं.

एपीएलचे उंदीर या वाटेवर एकटे नव्हते. मेलबर्नमध्ये १९८५ मध्येच जेरी ॲडम्स आणि सुझॅन कोरी यांच्या गटाने ‘मिक’ नावाचा जीन बी पेशींत चालू राहील असे उंदीर तयार केले होते. त्यांना लिम्फोमा व्हायचा, पण तोही काही महिन्यांनी. नंतर त्याच संस्थेत कळलं की ‘बीसीएल२’ हा जीन पेशीला वाढवत नाही, तो तिला मरू देत नाही. दोन्ही जीन एकाच उंदरात आणले तर आजार झपाट्याने येतो. एक जण ॲक्सिलरेटर दाबून बसलाय, दुसऱ्याने ब्रेकची वायर कापलीय. या समजुतीच्या वाटेने पुढे बीसीएल२ ला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध आलं. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि आज ते रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये वापरलं जातं.

दिसायला सारखे, आतून वेगळे

पुन्हा एपीएलकडे. डॉक्टरांना एक विचित्र अनुभव येत होता. मायक्रोस्कोपखाली एपीएलसारख्याच दिसणाऱ्या काही मोजक्या पेशंटवर आट्रा काम करत नव्हतं. त्यांच्यात रारा होता, पण तो पीएमएलला न चिकटता ‘पीएलझेडएफ’ नावाच्या दुसऱ्याच जीनला चिकटला होता.

असे पेशंट इतके कमी की त्यांच्यावर मोठा अभ्यास करणं शक्य नव्हतं. पान्डोल्फी यांच्या गटाने मग दोन्ही प्रकारचे उंदीर तयार केले आणि १९९८ मध्ये निकाल छापला. पीएमएल-रारावाले उंदीर आट्राला प्रतिसाद देत होते. पीएलझेडएफ-रारावाले तसे देत नव्हते. बाकी सगळं सारखं ठेवून फक्त जीनचा जोडीदार बदलला होता, त्यामुळे फरक कशामुळे पडला याबद्दल शंकेला जागा उरली नाही.

आपण ‘ब्लड कॅन्सर’ हा एकच शब्द वापरतो, पण आत किती वेगवेगळे आजार असतात हे यातून लक्षात येतं. म्हणूनच एपीएलचा संशय आला की डॉक्टर नुसत्या पेशी बघून थांबत नाहीत, पीएमएल-राराची टेस्टही करतात.

दोन औषधं, एक वाद

आता दुसरा प्रश्न. आट्रा आणि आर्सेनिक एकत्र दिली तर?

डिशमधल्या पेशींवर प्रयोग झाले होते, पण त्यांवर एकमत नव्हतं. जोडीने खरंच फायदा होतो का, यावर वाद होता. पेशंटमधला काहीच डेटा नव्हता. आणि केवळ उत्सुकता म्हणून पेशंटला दोन जहाल औषधं एकत्र देऊन बघणं कुठल्याही डॉक्टरला परवडणारं नाही.

पॅरिसमध्ये ह्यूग द ते यांच्या गटाने हा प्रश्न उंदरांना विचारला. त्यासाठी त्यांनी एक सोपी युक्ती केली. प्रत्येक उंदराला कॅन्सर होण्याची वर्षभर वाट बघण्याऐवजी ज्या उंदराला एपीएल झाला त्याच्या पेशी, जनुकीयदृष्ट्या अगदी तशाच असलेल्या अनेक उंदरांमध्ये सोडल्या. सगळ्यांना एकच आजार, एकाच वेळी. मग गट पाडून औषधं दिली.

१९९९ मध्ये निकाल आला. नुसतं आट्रा किंवा नुसतं आर्सेनिक दिलेले उंदीर औषध न दिलेल्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट जगले, पण शेवटी आजाराने गेलेच. दोन्ही औषधं एकत्र दिलेल्या उंदरांमध्ये नऊ महिन्यांनीही आजार परतला नव्हता.

पाच वर्षांनी, २००४ मध्ये, शांघायच्या डॉक्टरांनी नव्याने निदान झालेल्या ६१ पेशंटचा अभ्यास छापला. एकेकच औषध घेऊन बरे झालेल्या ३७ जणांपैकी सात जणांचा आजार परतला होता. दोन्ही औषधं एकत्र घेऊन बरे झालेल्या वीसपैकी एकाचाही नाही.

मग २०१३ मध्ये इटली आणि जर्मनीतल्या डॉक्टरांची मोठी चाचणी आली. कमी आणि मध्यम धोक्याच्या पेशंटमध्ये त्यांनी आट्रा-आर्सेनिकची तुलना आट्रा-केमोथेरपीशी केली. आट्रा-आर्सेनिक घेतलेल्या ७७ पैकी ७७ पेशंटचा आजार आटोक्यात आला. दोन वर्षांनी आजार न उलटता किंवा दुसरं काही विपरीत न घडता राहिलेल्यांचं प्रमाण या गटात ९७ टक्के होतं, केमोथेरपीच्या गटात ८६ टक्के. ल्युकेमिया बरा करायला केमोथेरपी हवीच, हे गृहीत इथे मोडलं.

हे सगळं फक्त उंदरांमुळे झालं, असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. डॉक्टरांचा अनुभव होता, चिनी हॉस्पिटलांमधली वर्षानुवर्षांची मेहनत होती आणि चाचण्यांमध्ये सहभागी झालेले पेशंट होते. पण डिशमध्ये अडकलेला वाद पुढे सरकला तो उंदरांमुळे.

मोठी झाली म्हणजे गेली का?

या उंदरांनी शास्त्रज्ञांची एक लाडकी समजूतही मोडली. आट्रामुळे पेशी मोठी होते, म्हणून कॅन्सर बरा होतो, असं सगळे मानत होते. मग नुसत्या आट्रावर आजार परत का येतो?

पॅरिसच्या गटाने २००८ मध्ये उंदरांच्याच मदतीने याचं उत्तर दिलं. पेशी मोठ्या होणं ही एक गोष्ट आणि आजार पेरणाऱ्या मूळ पेशी संपणं ही दुसरी. कमी डोसमध्येही पेशी छान मोठ्या होत, रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसे, पण मूळ पेशी शिल्लक राहत. त्या संपत, जेव्हा पीएमएल-रारा हे प्रोटीनच पूर्ण नष्ट होई. आट्रा या प्रोटीनच्या रारा टोकाला धरतं, आर्सेनिक पीएमएल टोकाला. दोन्ही बाजूंनी ओढ बसली की ते टिकत नाही.

दिसायला बरं होणं आणि मुळापासून बरं होणं यातला हा फरक पेशंटच्या रक्ताच्या एका रिपोर्टमध्ये कळत नाही. त्यासाठी बऱ्या दिसणाऱ्या उंदराच्या पेशी दुसऱ्या निरोगी उंदरात सोडून आजार पुन्हा येतो का, हे बघावं लागतं. ही गोष्ट माणसात करणं अशक्य आहे आणि करूही नये.

आपल्याकडे काय?

भारतातल्या डॉक्टरांपुढे प्रश्न पैशाचाही होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ पासून नुसत्या आर्सेनिकवर उपचार सुरू झाले. २००६ मध्ये त्यांनी ७२ पेशंटचा अहवाल छापला. ८६ टक्के पेशंटचा आजार पूर्ण आटोक्यात आला होता आणि तोही कमी त्रासात. महागडी केमोथेरपी आणि त्यासाठी लागणारं लांबलचक ॲडमिशन न झेपणाऱ्या कुटुंबांसाठी याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

उंदरांवरचं कॅन्सर संशोधन आपल्या राज्यातही चालतं. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे, पुण्यात विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस आहे. दोन्हीकडे प्रयोगासाठीच्या प्राण्यांची स्वतंत्र प्राणीगृहं आहेत. बायोटेक, मायक्रोबायोलॉजी, झूलॉजी करणाऱ्यांनी या संस्थांच्या वेबसाइटवर एकदा नजर टाकायला हरकत नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

एवढं कौतुक झाल्यावर दुसरी बाजूही बघायला हवी. उंदराच्या रक्तात लिम्फोसाइट जास्त असतात, आपल्या रक्तात न्यूट्रोफिल जास्त. उंदराची प्लीहा आयुष्यभर रक्त तयार करत राहते, मोठ्या माणसाची करत नाही. प्रयोगातले उंदीर जनुकीयदृष्ट्या एकमेकांच्या झेरॉक्स असतात, एकाच तापमानात राहतात, एकच खाणं खातात. आपण असे नसतो. कुणी सिगारेट ओढतं, कुणाला डायबेटिस असतो, कुणी तीन बस बदलून उशिरा हॉस्पिटलला पोचतं. त्यामुळे उंदरावर चाललेलं प्रत्येक औषध माणसावर चालत नाही. ‘उंदरांवर प्रयोग यशस्वी, कॅन्सरवर औषध सापडलं’ असा फॉरवर्ड आला की निदान एवढं आठवावं.

एपीएलमध्ये उंदीर इतका उपयोगी पडला, कारण या आजाराचं मूळ जवळजवळ एकाच जीनमध्ये आहे. बाकीच्या बऱ्याच ल्युकेमियांमध्ये बिघाडांची मोठी यादी असते आणि ती प्रत्येक पेशंटमध्ये वेगळी असते. तिथे एका उंदरात सगळी गोष्ट बसत नाही.

आणि त्या उंदरांचं काय?

हा प्रश्न आपल्या पिढीला पडतो आणि पडायलाच हवा. या प्रयोगांमध्ये उंदरांना मुद्दाम कॅन्सर होऊ दिला जातो. तो किती होऊ द्यायचा, त्रास दिसू लागताच त्यांना वेदना न देता कधी मारायचं, याचे नियम असतात. पण शेवटी ते मरतात, हे गोड शब्दांत झाकण्यात अर्थ नाही.

१९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोघांनी तीन तत्त्वं मांडली. प्राण्याशिवाय काम होत असेल तर प्राणी वापरू नका. वापरायचेच तर कमीत कमी वापरा. आणि त्यांचा त्रास कमीत कमी ठेवा. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली यासाठी केंद्रीय समिती आहे आणि प्रत्येक संस्थेला आपली प्राणी नीतिमत्ता समिती नेमावी लागते. किती उंदीर, कशासाठी, दुसरा मार्ग का नाही, याची उत्तरं दिल्याशिवाय प्रयोग सुरू करता येत नाही. नवीन औषधांच्या चाचणीसाठी प्राण्यांऐवजी दुसऱ्या आधुनिक पद्धती वापरायलाही २०२३ च्या नियमदुरुस्तीने वाट मोकळी केली. माणसाच्या पेशींपासून वाढवलेले छोटे अवयव, चिपवर बसवलेल्या पेशी, कॉम्प्युटर मॉडेल हे सगळं वेगाने पुढे येतंय.

काही प्रश्नांसाठी उद्या उंदीर लागणारही नाही. ते चांगलंच होईल. पण १९९९ मध्ये तो पर्याय नव्हता. डिशमधल्या पेशी वाद मिटवू शकल्या नाहीत. मग उरले होते दोनच मार्ग, उंदीर किंवा पेशंट.

आट्रा-आर्सेनिकवर बरा झालेला एपीएलचा पेशंट आज कॉलेज पूर्ण करतो, नोकरीला लागतो. १९५७ मध्ये त्याच्या हातात काही आठवडे होते. उंदरांवरच्या प्रयोगांना हो म्हणायचं की नाही हे ठरवताना त्या पेशंटचा विचार करायला हवा आणि पिंजऱ्यातल्या उंदराचाही. यातला कुठलाही एक सोडून दिला, तर उत्तर फार सोपं होतं आणि म्हणूनच चुकतं.

हे लक्षात असू द्या

* हिरड्यांतून किंवा नाकातून वारंवार रक्त, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग, न जाणारा ताप, खूप थकवा, असं काही असेल तर अंगावर काढू नका. याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात, पण डॉक्टरांना दाखवून सीबीसी करणं गरजेचं.

* एपीएल ही इमर्जन्सी असते. नुसता संशय आला तरी पक्क्या रिपोर्टची वाट न बघता डॉक्टर आट्रा सुरू करतात, कारण पहिल्या काही दिवसांतला रक्तस्राव हाच सर्वांत मोठा धोका.

* आट्रा म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारी व्हिटॅमिन ए ची गोळी नव्हे. आणि आर्सेनिक हे विषच आहे. ही दोन्ही औषधं हॉस्पिटलमध्ये, रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.